जुन्या मासिकांतील पाककृती सार्वजनिक ग्रंथालयातून कशी शोधावी

फणसाच्या सांदणांच्या पाककृतीचे एक कात्रण माझ्या आईच्या वहीत कित्येक वर्षे पडून होते. 'बरक्या फणसाचा रस चाळणीवर गाळून घ्यावा' येथून मजकूर सुरू होत होता आणि 'तांदळाच्या रव्यात हा रस, गूळ व नारळाचा चव घालून' येथे तो कात्रीने संपवला होता. रवा किती वेळ भिजवायचा, गूळ किती घ्यायचा, वाफ किती वेळ द्यायची, यांपैकी काहीच हाती लागत नव्हते. मासिकाचे नाव, महिना आणि लेखिकेचे नावही नव्हते. हे कात्रण घेऊन मी ग्रंथालयात गेलो आणि 'सांदणांची पाककृती कोणत्या अंकात आहे?' असे विचारले, तेव्हा नियतकालिक विभागातील बाईंनी कात्रणाकडे न पाहताच उत्तर दिले : "पदार्थाचं नाव राहू द्या. अंक कधीचा असेल ते सांगा."

त्या एका वाक्यात या शोधाची सारी रीत आलेली आहे. आपल्याकडील बहुतेक ग्रंथालयांत मासिकांची नोंद अंकानुसार होते, लेखांनुसार होत नाही. नोंदवहीत मासिकाचे नाव, वर्ष आणि खंडात कोणत्या महिन्यांचे अंक बांधले आहेत एवढेच लिहिलेले असते. त्या अंकांच्या पोटात काय आहे हे तेथे सापडत नाही. म्हणून पदार्थाच्या नावाने शोध घेणारा वाचक बहुधा रिकाम्या हाताने परततो, आणि जो प्रथम अंकाचा काळ ठरवतो त्याच्यापुढे काही मोजकेच खंड उरतात. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे : आधी ग्रंथालय, मग काळ, मग प्रत्यक्ष खंड.

कोणत्या ग्रंथालयात जावे

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्याखाली अनुदान मिळणाऱ्या ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. ती अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागलेली असतात. गावातील ड वर्गाच्या वाचनालयाकडून चाळीस वर्षांपूर्वीच्या मासिकाची अपेक्षा करणे गैर आहे. तेथे जागाच नसते आणि जुने अंक ठराविक काळानंतर निर्गत होऊन रद्दीत जातात. मात्र चालू मासिके, वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि दिवाळी अंक यांच्यासाठी तेच वाचनालय सर्वांत सोयीचे असते.

जुन्या अंकांसाठी शतकभराची परंपरा असलेल्या संस्थांकडे वळावे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे आणि पुणे मराठी ग्रंथालय १९११ चे आहे. गोव्यातील वाचकाला पणजी येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय जवळचे. त्याची परंपरा १८३२ पासूनची आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकांनी आपल्या पुस्तकांची प्रत देशातील ज्या ठराविक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे, त्यांत मुंबईच्या टाऊन हॉलमधील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा समावेश होतो, आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्या कायद्याच्या कक्षेत आली.

याखेरीज एक ग्रंथालय प्रत्येकाचे वेगळे असते, आणि अनेकदा तेच कामी येते. ज्या व्यक्तीने पाककृती वाचली, कापली किंवा सांगितली, ती तेव्हा कोणत्या गावात राहत होती आणि कोणत्या वाचनालयाची सभासद होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. पूर्वी मासिके विकत घेणारी घरे थोडी होती, वाचनालयातून आणणारी पुष्कळ होती. म्हणून त्या गावच्या वाचनालयाने जी मासिके मागवली, त्यांतीलच एखाद्यात आपला मजकूर असण्याची शक्यता मोठी असते.

सभासदत्वाचा प्रश्न फारसा अवघड नाही. बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी असते, आणि पुस्तकांची व मासिकांची वर्गणी कधी एकत्र तर कधी वेगळी घेतात. चालू अंक देवघेव विभागातून घरी नेता येतात. जुने बांधीव खंड मात्र घरी मिळत नाहीत, ते तेथेच बसून पाहावे लागतात. बाहेरगावच्या वाचकाने जाण्यापूर्वी दूरध्वनी करून किंवा पत्र पाठवून खंड उपलब्ध आहेत का, ते कोणत्या दिवशी पाहता येतील आणि ओळखपत्र काय लागेल, एवढे विचारून घ्यावे, कारण जुने खंड पुष्कळदा वरच्या मजल्यावर किंवा वेगळ्या गोदामात असतात आणि ते काढून ठेवायला एक दिवस लागतो.

काळ कसा ठरवावा

ज्याच्याजवळ कात्रण आहे त्याने पाककृती वाचण्याआधी कात्रण उलटून पाहावे. कापणाऱ्याच्या दृष्टीने मागची बाजू निरुपयोगी होती, त्यामुळे तिच्यावर जे उरले ते निवडीशिवाय उरलेले असते, आणि काळ ठरवण्यासाठी तेच सर्वांत विश्वसनीय ठरते. जाहिरातीतील किंमत रुपये-आण्यांत असेल तर अंक साधारणपणे १९५७ पूर्वीचा मानावा. किमतीपुढे 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असे छापलेले असेल, तर तो १९५७ ते १९६४ या काळातला आहे, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि 'नवे' हे विशेषण १९६४ मध्ये गळले. पत्ता 'मुंबई २८' किंवा 'पुणे २' असा असेल तर मजकूर बहुधा जुना. सहा अंकी पिन कोड असेल तर तो ऑगस्ट १९७२ नंतरचा.

त्यानंतर मजकुराची भाषा पाहावी. 'करावें', 'घालावें', 'तांदुळांचें' असे अनुस्वार ठिकठिकाणी दिसत असतील तर मजकूर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचा असण्याचा संभव अधिक आहे, जरी काही संपादकांनी ते अनुस्वार आधीच सोडले होते आणि काहींनी नंतरही धरून ठेवले. वजने-मापेही बोलकी असतात. शेर, पावशेर, छटाक आणि तोळा यांच्या जागी किलो आणि ग्रॅम येणे हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, पण स्वयंपाकघरातील माप बाजारातील मापापेक्षा सावकाश बदलते, आणि चिपटे, मापटे, पायली हे शब्द त्यानंतरही लेखिकांच्या हातून सहज उतरत राहिले. म्हणून ग्रॅम दिसले तर मजकूर नंतरचा हे खात्रीने म्हणता येते. शेर दिसला म्हणून तो आधीचाच असे मात्र म्हणता येत नाही.

तिसरी खूण ऋतूची. मासिकातील पाककृती पंचांग आणि बाजार यांना बांधलेल्या असतात. फणस, कैरी आणि वाळवणे एप्रिल ते जूनच्या अंकांत येतात. उपवासाचे पदार्थ आषाढ-श्रावणात. मोदक भाद्रपदाच्या आधीच्या अंकात. तीळगूळ आणि गुळाची पोळी जानेवारीत. माझ्या कात्रणाच्या मागे एका क्रमशः कादंबरीचा तुकडा आणि त्याखाली '७५ न. पै.' किमतीच्या कसल्याशा मलमाची जाहिरात होती. म्हणजे १९५७ ते १९६४ या काळातील आठ उन्हाळे आणि प्रत्येक उन्हाळ्याचे तीन अंक, असे एका मासिकाचे चोवीस अंक पाहायचे होते. चोवीस अंक ही एका दुपारची गोष्ट आहे. केवळ 'सांदण' हा शब्द घेऊन बसलो असतो तर ती वर्षांची गोष्ट झाली असती.

क्रमशः कादंबरीचा तुकडा मिळणे हे भाग्याचे लक्षण समजावे. त्यातील पात्रांची नावे टिपून घ्यावीत आणि जुन्या कादंबऱ्या वाचणाऱ्या कोणाला तरी, शक्यतो त्याच ग्रंथालयातील एखाद्या ज्येष्ठ सभासदाला, विचारावे. कादंबरी ओळखली गेली की तिच्या पुस्तकाचे साल पाहायचे. मासिकातील क्रमशः प्रसिद्धी बहुधा त्याच्या एखाद-दोन वर्षे आधीची असते, आणि ती कोणत्या मासिकात आली हे पुस्तकाच्या प्रस्तावनेत अनेकदा नमूद केलेले असते.

कात्रण नसेल आणि नुसती आठवण असेल, तर मासिकांच्या प्रारंभवर्षांनी शोध आकुंचित करता येतो. 'किर्लोस्कर' १९२० मध्ये, 'स्त्री' १९३० मध्ये, 'मनोहर' १९३४ मध्ये, 'मेनका' १९६० मध्ये आणि 'माहेर' १९६२ मध्ये सुरू झाले. आजीच्या लग्नाच्या वेळचा, म्हणजे समजा १९५५ चा, अंक शोधताना 'माहेर'चे खंड मागवण्यात अर्थ नाही, हे यावरून लगेच कळते. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, त्यामुळे दिवाळी अंकांचा शोध त्याहून मागे नेण्याचे कारण नाही.

अंकांवरील कालगणनेत दोन खोड्या आहेत. काही जुन्या नियतकालिकांवर शक आणि मराठी महिना छापलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, परंतु पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या अंकांना ७९ मिळवावे लागतात. शके १८६० चा कार्तिक म्हणजे १९३८, आणि त्याच शकाचा फाल्गुन म्हणजे १९३९. दुसरी खोडी 'वर्ष' या शब्दाची. 'वर्ष १२, अंक ३' यातील वर्ष हे मासिकाच्या वयाचे असते आणि ते पहिला अंक ज्या महिन्यात निघाला त्या महिन्यात बदलते, जानेवारीत बदलेलच असे नाही. ग्रंथालयाने खंड कधी मासिकाच्या वर्षानुसार बांधलेले असतात, कधी जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असे. मागणीपत्रावर म्हणून नेहमी महिना आणि सन दोन्ही लिहावेत.

शब्द त्या काळाचा घ्यावा

तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीत, शोधताना आजचा शब्द कालच्या पुस्तकाला लागू पडत नाही. १८७५ च्या सुमारास निघालेल्या, मराठीतील आद्य पाकग्रंथांपैकी एक असलेल्या पुस्तकाचे नाव 'सूपशास्त्र' आहे. 'पाककृती' हा शब्द घालून शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. त्यानंतर 'पाकशास्त्र' आणि 'पाकक्रिया' हे शब्द चालले, मग 'पाककृती', 'पाकसिद्धी', 'पाककला' आणि आता 'रेसिपी'. मासिकांच्या अनुक्रमणिकेत तर यांपैकी एकही शब्द नसतो. तेथे 'गृहिणींसाठी', 'स्वयंपाकघरातून', 'रुचिपालट', 'वाचक-भगिनींच्या पसंतीचे' अशी सदरांची नावे असतात, किंवा केवळ 'सौ.' लावून लेखिकेचे नाव. एका मासिकाचे पाककृतींचे सदर कोणत्या नावाने येते हे एकदा कळले की उरलेले खंड झपाट्याने पाहून होतात, म्हणून पहिल्या खंडावर थोडा अधिक वेळ घालवण्यास हरकत नाही.

पुस्तकांच्या कपाटांजवळ जायला मुभा असेल, तर ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयाला अंक देऊन पुस्तके लावण्याच्या पद्धतीत, ६४१.५ हा अंक स्वयंपाकाचा आहे आणि भारतीय स्वयंपाक ६४१.५९५४ येथे येतो, हे लक्षात ठेवावे. आहारशास्त्राची पुस्तके ६१३.२ येथे आणि खाण्यापिण्याच्या चालीरीती ३९४.१ येथे असतात. सणांचे नैवेद्य, जेवणावळी आणि पंगतीचे रिवाज यांवरील लेखन या शेवटच्या अंकाखाली सापडते. स्वयंपाकाच्या कपाटात ते नसते. अनेक वाचनालये अंक न वापरता कपाटावर सरळ 'पाकशास्त्र' अशी पाटी लावतात, ती सर्वांत उत्तम.

लेखांपर्यंत नेणारे संदर्भग्रंथ मोजके आहेत, पण आहेत. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील पुस्तकांची विषयवार नोंद देते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केलेली 'मराठी नियतकालिकांची सूची' १८०० ते १९५० या काळासाठी पाहावी. दोन्ही संदर्भ विभागात असतात आणि घरी मिळत नाहीत. १९५० नंतरच्या मासिकांसाठी मात्र मासिकाची स्वतःची वार्षिक अनुक्रमणिका हाच खरा आधार आहे. ती वर्षाच्या शेवटच्या अंकासोबत निघते आणि खंडाच्या आरंभी किंवा अखेरीस बांधलेली असते.

खंड हातात आल्यावर

बांधीव खंड टेबलावर आला की प्रथम त्याची बांधणी पाहावी. बाइंडर पैसे आणि जागा वाचवण्यासाठी अंकांची मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने पुष्कळदा काढून टाकतात. वनस्पती तुपाच्या, बेकिंग पावडरच्या आणि नंतर प्रेशर कुकरच्या जाहिरातींतून पाककृती छापल्या जात, आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस एखादी पाककृती देण्याचीही पद्धत होती. अशी पाने बांधीव खंडात सापडली नाहीत म्हणजे ती छापलीच नव्हती असा निष्कर्ष काढू नये. त्याच मासिकाचे सुटे किंवा दुबार अंक ग्रंथालयात आहेत का, हे विचारावे.

दिवाळी अंक मासिकाच्या खंडात नसतात, हेही येथेच सांगितले पाहिजे. ते जाडजूड असल्याने वेगळ्या कपाटात, सालवार लावलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अंक खंडात दिसत नाही म्हणून वाचक हळहळतो, आणि तो शेजारच्याच कपाटात उभा असतो. चालू दिवाळी अंकांसाठी अनेक वाचनालये दिवाळीनंतर काही महिन्यांची स्वतंत्र योजना चालवतात. ठराविक शुल्कात शेकड्याने अंक घरी नेऊन वाचता येतात आणि त्यांत पाककृतींना वाहिलेले अंकही असतात. फराळाच्या नव्या कल्पनांसाठी याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

जुना वृत्तपत्री कागद वाळलेल्या पानासारखा मोडतो. पान उलटताना वरच्या कोपऱ्याला धरावे, बोट ओले करू नये, आणि खंड पूर्ण उताणा न करता दोन्ही बाजूंना पुस्तकांचा आधार देऊन अर्धा उघडावा. छायाप्रत काढताना खंड काचेवर दाबला जातो आणि पाठीचा कणा मोडतो, म्हणून बरीच ग्रंथालये जुन्या खंडांची छायाप्रत देत नाहीत. परवानगी घेऊन, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलने छायाचित्र घेणे हा दोघांच्याही सोयीचा मार्ग आहे. पाककृतीचे छायाचित्र घेण्याआधी अंकाच्या नावाच्या पानाचे आणि अनुक्रमणिकेचे घ्यावे. घरी आल्यावर नुसती पाने उरतात आणि ती कोणत्या अंकाची हे आठवत नाही, हा अनुभव एकदा घेतलेला माणूस दुसऱ्यांदा ही चूक करत नाही. टिपणे शिसपेन्सिलीने घ्यावीत. शाईचे पेन संदर्भ विभागात अनेक ठिकाणी चालत नाही.

उतरवून घेताना मापे जशीच्या तशी उतरवावीत. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम आणि ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम हे हिशेब कागदावर सोपे आहेत, पण वजनाचा शेर वेगळा आणि धान्य मोजण्याचा मापी शेर वेगळा, शिवाय शेर गावोगाव बदलत असे. चार शेरांची पायली, दोन मापट्यांचा शेर आणि दोन चिपट्यांचे मापटे हे कोष्टक आकारमानाचे आहे, वजनाचे नाही. लेखिकेला कोणता शेर अभिप्रेत होता हे त्याच पाककृतीतील इतर प्रमाणांवरून ताडावे लागते. म्हणून मूळ माप लिहून त्याच्या शेजारी आपला अंदाज कंसात ठेवणे हीच सुरक्षित रीत होय.

एक अप्रिय गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. वाचनालयाच्या मासिकांतील सर्वाधिक कापलेली पाने पाककृतींची आणि विणकामाच्या नमुन्यांची असतात. खंडात पान गायब असेल किंवा पानात चौकोनी भोक असेल, तर चिडण्याऐवजी दुसऱ्या ग्रंथालयाकडील तोच अंक शोधावा, आणि भोक कोठे आहे हे ग्रंथपालाच्या नजरेस आणून द्यावे, म्हणजे ते आपल्या नावावर लागणार नाही.

वृत्तपत्रे आणि दिनदर्शिका

वृत्तपत्रांतील पाककृती शोधताना सणाची तारीख हाच दुवा असतो. 'लोकसत्ता'च्या 'चतुरंग'सारख्या शनिवारच्या पुरवण्यांत सणाचा मजकूर सणाच्या आधीच्या शनिवारी येतो. म्हणून त्या वर्षी गणेशचतुर्थी किंवा आषाढी एकादशी कोणत्या तारखेला होती हे जुन्या पंचांगातून काढावे आणि तिच्या मागच्या दोन आठवड्यांच्या पुरवण्या मागवाव्यात. पुरवणी मूळ अंकासोबत बांधलेली नसेल तर ती वेगळ्या गठ्ठ्यात असते. हा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो.

'कालनिर्णय' १९७३ पासून निघते आणि तिच्या पानांच्या मागील बाजूस छापलेल्या पाककृतींनी मराठी स्वयंपाकघरावर जेवढा परिणाम केला तेवढा कित्येक पुस्तकांनी केला नसेल. दुर्दैवाने दिनदर्शिका ग्रंथालये सहसा जतन करत नाहीत, कारण ती ना पुस्तक ना मासिक. येथे घरातल्या माळ्याचाच आधार.

संगणकावरून

शासकीय ग्रंथालयांपैकी अनेकांची तालिका 'ई-ग्रंथालय' या संगणक प्रणालीवर आहे. शोध देवनागरीत घेऊन काही आले नाही तर तोच शब्द रोमन लिपीत, दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहावा, कारण नोंद करणाऱ्याने 'पाकशास्त्र' कसे टंकले असेल हे सांगता येत नाही. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथ आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत, आणि इंटरनेट अर्काइव्हवरही जुन्या मराठी पुस्तकांची पाने मोठ्या संख्येने आहेत. तेथे मजकुरात शब्दशोध घेण्याची सोय असली तरी जुन्या खिळ्यांच्या छपाईतील जोडाक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. 'करंज्या' शोधताना काही मिळाले नाही म्हणून करंज्या नाहीत असे समजू नये. पाने एकेक करून चाळणे हाच तेथेही खरा उपाय.

परदेशातील मराठी वाचकाला एक अनपेक्षित सोय आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन तेथील विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पुरवत आले आहे, त्यामुळे दक्षिण आशियाचा अभ्यास चालणाऱ्या विद्यापीठांत मराठी मासिकांचे खंड असू शकतात. आपल्या शहरातील सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन आंतरग्रंथालयीन देवघेवीची, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून मजकूर मागवण्याची, मागणी नोंदवली की लेखाची प्रत पुष्कळदा मिळते. मात्र वर्ल्डकॅटसारख्या सामायिक तालिकेत मराठी नावे ठराविक नियमांनी रोमन लिपीत लिहिलेली असतात : 'च'साठी केवळ 'सी' हे अक्षर, 'छ'साठी 'सीएच', आणि शब्दाच्या शेवटचा अकार लिहिलेला. 'माहेर' शोधताना शेवटी 'ए' जोडावा लागतो. आपण एरवी लिहितो तसे लिहिले तर नोंद सापडत नाही. इंग्रजीतील चालू पाकमासिके हवी असतील तर तेथील बरीच सार्वजनिक ग्रंथालये आपल्या सभासदांना 'लिबी' या ॲपवरून ती मोफत वाचू देतात.

मिळालेली पाककृती स्वतःच्या वापरासाठी उतरवून घेण्यास अडचण नाही. ती इतरत्र प्रसिद्ध करायची असेल, तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो हे ध्यानात घेऊन कृती आपल्या शब्दांत लिहावी आणि लेखिकेचे नाव, मासिक, महिना व पृष्ठ यांचा उल्लेख करावा.

माझी सांदणे शेवटी आईच्या माहेरच्या गावातील वाचनालयात सापडली, एका मे महिन्याच्या अंकात, पृष्ठ ४६ वर. अधिक नेमके सांगायचे तर पृष्ठ ४६ वर एक चौकोनी भोक सापडले आणि त्यातून पृष्ठ ४४ वरची क्रमशः कादंबरी दिसत होती. पाककृतीचा उरलेला भाग समोरच्या ४७ व्या पानाच्या माथ्यावर सहा ओळींत शाबूत होता : रव्याच्या निम्म्याने गूळ, मिश्रण दोन तास झाकून ठेवणे, वाट्यांना तुपाचा हात लावून वीस मिनिटे वाफ, आणि सोबत किंचित मीठ घातलेला नारळाचा रस. सहा ओळी मी शिसपेन्सिलीने उतरवून घेतल्या आणि खंड परत केला. कात्रण खिशातच होते. ते त्या भोकावर ठेवून पाहण्याचे मात्र मी कटाक्षाने टाळले.